सहल नेमकी मोडते कुठे?

पहलगामच्या टॅक्सी-थांब्यावर, दरफलकाच्या खाली, उन्हाळी सुट्टीत रोज सकाळी एक वाद रंगतो. वाद तोच, भांडणारे रोज नवे. श्रीनगरहून नव्वदेक किलोमीटर आलेला टेम्पो ट्रॅव्हलर थांबतो, ड्रायव्हर खाली उतरतो आणि शांतपणे सांगतो, ‘‘आगे हमारी गाडी नहीं जाती.’’ आरू, बेताब व्हॅली आणि चंदनवाडी ही इथली तीन नावाजलेली ठिकाणं. तिथे जायचं तर स्थानिक युनियनचीच टॅक्सी करावी लागते. बाहेरून आलेली पर्यटकांची गाडी पहलगामात उभी राहते.

मी तिथे होते त्या सकाळी नाशिकच्या चार कुटुंबांची पाळी होती. एका काकांनी सॅकमधून प्लास्टिकच्या फोल्डरात जपून ठेवलेला कागद काढला. ‘चौथा दिवस : पहलगाम साइटसीइंग’ या ओळीवर त्यांनी घरूनच पिवळा हायलायटर फिरवून आणला होता. ‘‘हे बघा, लिहिलंय. पैसे भरलेत आम्ही.’’ ड्रायव्हरला मराठी वाचता येत नव्हतं आणि त्याच्या मालकानं त्याला पहलगामपर्यंतच सांगितलं होतं. मग फोनाफोनी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे ज्या एका काकूंचं पोस्टपेड होतं त्यांचा फोन हातोहात फिरला. नाशिकचा एजंट म्हणाला, श्रीनगरच्या ऑफिसशी बोला. श्रीनगरचं ऑफिस म्हणालं, पहलगामपर्यंत गाडी दिलीय, युनियनची टॅक्सी आमच्या रेटमध्ये नाही.

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होते. शेवटी वर्गणी काढून दोन टॅक्सी ठरल्या. पैशाचं एवढं नव्हतं, पण सकाळ गेली आणि चारही घरांत ‘तुम्हीच हा एजंट शोधलात’ सुरू झालं.

यंदाच्या अंकाचं सूत्र ‘भरवसा’ आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि पुढे विचारलं, ‘‘सहलीचं बघा ना. कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?’’ प्रश्न घरोघरी चघळला जातो आणि बहुतेकदा स्वभावावर सोडून दिला जातो. म्हणजे सोय हवी असणाऱ्यांनी कंपनी धरावी, मोकळीक हवी असणाऱ्यांनी आपलं आपण जावं. मराठी पर्यटकांच्या आवडत्या काश्मीरमध्ये फिरताना आणि दादर-पुण्याच्या ट्रॅव्हल ऑफिसांत बसताना मला हे उत्तर अपुरं वाटत गेलं. सहल स्वभावामुळे बिघडत नाही. ती बिघडते दोन माणसांच्या, दोन गाड्यांच्या, दोन तिकिटांच्या मधल्या जोडावर. त्या जोडापाशी कोण उभं आहे, एवढाच काय तो पॅकेजमधला आणि स्वतः आखलेल्या सहलीतला खरा फरक.

एका नावामागे किती हात

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी आज ‘काश्मीर 6 रात्री 7 दिवस’ असा फ्लेक्स दिसतो. तो लावणाऱ्यानं श्रीनगरमधलं हॉटेल पाहिलेलं असेलच असं नाही. तुम्ही चौकशी केलीत की तो श्रीनगरच्या एका ऑफिसला व्हॉट्सअॅप करतो : ‘8 पॅक्स, 3 रूम, 2 एक्स्ट्रा बेड, एमएपी, टेम्पो, 10 मे इन.’ पॅक्स म्हणजे माणसं. एमएपी म्हणजे राहणं, नाश्ता आणि एक जेवण. पलीकडचं ऑफिस म्हणजे डीएमसी, त्या त्या ठिकाणची जमिनीवरची सगळी व्यवस्था पाहणारा ठेकेदार. थोड्या वेळात ‘लँड रेट’ येतो. त्यावर एजंट आपलं मार्जिन चढवतो, विमानाचं भाडं मिळवतो, गूगलवरचे दल सरोवराचे फोटो लावतो आणि पॅकेज तयार होतं.

डीएमसीकडेही सगळं स्वतःचं नसतं. खोल्या हॉटेलवाल्याच्या, गाडी वाहतूकदाराची, ड्रायव्हर त्या वाहतूकदारानं सीझनपुरता ठेवलेला. हाउसबोटीचा मालक आणखी वेगळा. पर्यटकाच्या हातात एक पावती असते, पण तिच्यामागे चार-पाच हात असतात आणि प्रत्येक हात आपल्यापुरतं काम चोख करून मोकळा होतो. कामातला जो भाग कुणाच्याच वाट्याला दिलेला नसतो, तो थेट पर्यटकाच्या अंगावर येतो. युनियनची टॅक्सी हे त्याचं अगदी साधं उदाहरण.

याहून वाईट प्रकार हॉटेलच्या काउंटरवर घडतो. रात्री आठला गाडी पोचते, थंडीनं मुलं कुडकुडत असतात आणि मॅनेजर म्हणतो, ‘‘आपका पेमेंट नहीं आया.’’ पर्यटकानं पैसे दोन महिन्यांपूर्वी भरलेले असतात. एजंटनं ते आधीच्या ग्रुपच्या देण्यात फिरवलेले असतात आणि या ग्रुपचे पैसे पुढच्या बुकिंगमधून यायचे असतात. सीझन भरात असेल तर हे चक्र चालून जातं. चार बुकिंगं रद्द झाली की ते नेमकं ज्याच्यावर अडतं, त्याची रात्र लॉबीत जाते. दादरच्या एका जुन्या व्यावसायिकांनी मला हे अगदी निर्विकारपणे सांगितलं, ‘‘मे महिन्यात आमच्या धंद्यात पैसा कुणाचा आणि सहल कुणाची, हे विचारायचं नसतं.’’

मोठ्या कंपन्यांचं गणित निराळं. त्या खोल्या वर्षभर आधी मोठ्या संख्येनं घेऊन ठेवतात, विमानातल्या जागांचे गट आगाऊ उचलतात आणि प्रत्येक ग्रुपबरोबर स्वतःचा माणूस पाठवतात. हात कमी आणि ओळखीचे. म्हणून तिथे किंमत जास्त असते आणि बिघाड कमी. पण घाऊक उचललेल्या विमान-जागांनाही जोखीम असतेच. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी ऐन सुट्टीत बंद पडली. श्रीनगर आणि लेह हे तिचे महत्त्वाचे मार्ग. ज्यांनी तिच्या जागा आधीच घेऊन ठेवल्या होत्या त्यांना दुसऱ्या विमानांची तिकिटं चढ्या भावात घ्यावी लागली. तो फरक कुणी सोसायचा यावरून ट्रॅव्हल ऑफिसांत आणि ग्राहकांत वाद झाले. पैसे परत मिळवायला दोघेही एकाच दिवाळखोरीच्या रांगेत उभे होते.

कागदाची दुसरी बाजू

सहलीच्या कागदाची पहिली बाजू सगळे वाचतात. दुसरीवर ‘यात समाविष्ट नाही’ची यादी असते आणि खरी सहल तिथेच लिहिलेली असते. काश्मीरच्या बाबतीत ही यादी कशी वाचावी ते सांगते.

गुलमर्गचा गोंडोला घ्या. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत जातो, दुसरा अफरवटच्या अंगावर, तेरा हजार फुटांहून उंच. कागदावर नुसतं ‘गुलमर्ग गोंडोला’ असेल तर तो कुठला टप्पा हे विचारायलाच हवं. तिकिटं सरकारी केबल कार महामंडळाकडून ऑनलाइन मिळतात आणि सीझनमध्ये झटक्यात संपतात. वारा किंवा हिमवादळ आलं की दुसरा टप्पा बंद. बर्फाच्या दिवसांत तर गुलमर्गलाच पोचायचं तर टंगमर्गला उतरून चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. ती पुन्हा तुमच्या पॅकेजमध्ये नसते. सोनमर्गहून झिरो पॉइंटला जायचं तर तिथलीही युनियन वेगळी.

हाउसबोटीच्या जाहिरातीत ‘डिलक्स’ हा शब्द हमखास असतो. काश्मीरमध्ये हाउसबोटींची सरकारी वर्गवारी आहे आणि डिलक्स हा तिच्यातला वरचा वर्ग. त्यामुळे नोंदणीचा वर्ग कोणता, हा प्रश्न विचारण्यात काही आगाऊपणा नाही. बोट दलच्या मुख्य पात्रात आहे, नगीन सरोवरात आहे की आतल्या पाणवाटेत, हेही विचारावं. सकाळी खिडकी उघडल्यावर काय दिसेल ते यावर ठरतं.

मग ते थांबे. श्रीनगर-पहलगाम रस्त्यावर पांपोर लागतं, केशराच्या शेतांचं गाव. पुढे विलोच्या लाकडाच्या बॅटींच्या थप्प्या रचलेली दुकानं लागतात. मध्ये सफरचंदाची बाग, ताजा रस. गाडी यांतल्या ठरावीक दुकानांपुढेच ‘वॉशरूमसाठी’ थांबते. विक्रीवर ड्रायव्हरला कमिशन असतं. याबद्दल त्याच्यावर रागावण्यापूर्वी एवढं बघावं की घासाघीस करत खाली आणलेल्या लँड रेटमध्ये त्याच्या वाट्याला काय उरलं. स्वस्त पॅकेजचा उरलेला खर्च कुठून तरी वसूल होतो. इथे तो केशराच्या डबीतून होतो.

ट्युलिप टूरचंही असंच. श्रीनगरची ट्युलिप बाग मार्चअखेर-एप्रिलमध्ये जेमतेम महिनाभर उघडी असते आणि ती कधी उघडायची हे फुलं ठरवतात. जाहिरात मात्र आदल्या दिवाळीत छापली जाते, तारखांसकट. थंडी लांबली तर पहिल्या तुकडीला कळ्या दिसतात, उन्हाळा लवकर तापला तर शेवटच्या तुकडीला देठ. हा कुणाचा लबाडपणा नाही. पण मोसमाची हमी तारखेत विकली जाते तेव्हा विकणाऱ्यानं ती जोखीम तोंडानं सांगायला हवी.

वरण-भात आणि माइक

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग कंपनीच्या वाटेला जायचंच कशाला? त्यासाठी श्रीनगरच्या एका हॉटेलात रात्री साडेदहानंतर काय चालतं ते सांगायला हवं. एका मराठी ग्रुपचा टूर मॅनेजर, साताऱ्याकडचा पंचविशीतला मुलगा, लॉबीतल्या सोफ्यावर रूमिंग लिस्ट घेऊन बसला होता. दिवसभर माइकवर अंताक्षरी घेऊन आवाज बसलेला. उद्याच्या हॉटेलला फोन लावून तो एकेक खोली पक्की करत होता. ‘‘ग्राउंड फ्लोअर दो चाहिए. घुटने का प्रॉब्लेम है.’’ नावांपुढे त्याच्या खुणा होत्या : एका काकूंना साखर, एका आजोबांना रात्री एकटं झोपायची भीती, एका जोडप्याचा परवा लग्नाचा वाढदिवस. मग त्यानं ग्रुपवर मेसेज टाकला : 6-7-8. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. कुणी कुठे बसायचं याचं चक्रही ठरलेलं, आज पुढे बसलेले उद्या मागे. नाहीतर पुढच्या सीटवरून मनं दुखावतात हे या धंद्याला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

महाराष्ट्राच्या सहल कंपन्यांनी जे बाजारात आणलं ते हे आहे. केसरीभाऊ पाटील यांनी 1984 मध्ये ‘केसरी’ सुरू केली, 2013 मध्ये वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’. या आणि अशा इतर कंपन्यांबरोबर असंख्य मराठी माणसं पहिल्यांदा विमानात बसली, पहिल्यांदा परदेशात गेली. जेवणात वरण-भात मिळेल का, ही चौकशी हसण्यावारी नेण्याची नाही. तिचा अर्थ, माझ्या वयाची, माझ्या पोटाची, माझ्या भाषेची कुणीतरी दखल घेईल का, असा असतो. त्या ग्रुपमध्ये जळगावच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मुलगा म्हणतो, आई, मी सगळं मोबाइलवर बुक करून देतो. करून देईल हो, पण अडलं की मी कुणाला हाक मारू? मोबाइलला?’’

अशी हाक मारायची सोय जुनी आहे. काशीला किंवा हरिद्वारला उतरलेल्या यात्रेकरूला त्याच्या गावाच्या नावाची वही बाळगणारा पंडा गाठायचा. उतरायला जागा, जेवण, विधी आणि नावेची सोय तोच करायचा, आणि दक्षिणेवरून तक्रारीही तेव्हापासूनच्या. युरोपात याला कंपनीचं रूप दिलं थॉमस कुक यांनी. 5 जुलै 1841 रोजी त्यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं एका शिलिंगात आगगाडीनं नेली. दारूबंदीच्या सभेसाठी. पंडा असो की कुक, काम एकच : अनोळखी गावात मधल्या सगळ्या जोडांवर एका माणसानं उभं राहायचं. चांगला टूर मॅनेजर तेच करतो. पण त्यासाठी कंपनीनं त्याच्याजवळ थोडी रोकड आणि ती आपल्या बुद्धीनं खर्च करायची मुभा द्यावी लागते. ज्या ग्रुपबरोबर असा माणूसच नसतो, नुसता ‘24 तास हेल्पलाइन’चा नंबर असतो, त्यात पॅकेज असूनही तुम्ही एकटेच असता.

आपलं आपण

आरूच्या एका होमस्टेमध्ये पुण्याचं एक कुटुंब भेटलं. आईवडील आणि दोन शाळकरी मुलं. कुणाही एजंटशिवाय आलेले. त्यांची सहल ऐकली तर जाहिरातीत शोभणार नाही : फक्त दोन मुक्काम. श्रीनगरला काही रात्री, उरलेल्या इथे. सोनमर्ग आणि दूधपत्री त्यांनी सोडून दिलं होतं. युनियनच्या टॅक्सीवरून वाद झाला नाही, कारण दर फलकावर लिहिलेले होते आणि कुणी त्यांना वेगळं आश्वासन दिलेलं नव्हतं. मुलं सकाळपासून घरमालकाच्या मेंढ्यांमागे होती.

पैसे वाचले का, असं विचारलं तर नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. फारसे नाही. कंपनीला खोली घाऊक दरात मिळते, यांना सुटी. विमानाचं भाडंही यांना आयत्या वेळचं लागलं. वाचल्या त्या धावपळीच्या सकाळी. पण त्यांच्या सहलीलाही एक ओरखडा होताच. मुंबई-दिल्ली आणि दिल्ली-श्रीनगर ही दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं त्यांनी स्वस्त पडली म्हणून स्वतंत्र काढली होती. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं असती तर पुढच्या विमानात जागा देणं ही विमान कंपनीची जबाबदारी ठरली असती. वेगळ्या तिकिटांच्या मधल्या वेळेचा मालक कुणीच नसतो. तो मालक त्या दिवशी हे जोडपं होतं आणि दिल्ली विमानतळाबाहेरच्या हॉटेलचं बिलही त्यांचंच.

स्वतः सहल आखणाऱ्याच्या हातून जे निसटतं ते बहुधा असंच असतं. हॉटेल चांगलं निवडलेलं असतं, पण हॉटेलपर्यंत पोचायचा शेवटचा तास धरलेला नसतो. श्रीनगर विमानतळावर आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या फाटकावर सगळं सामान उतरवून तपासून घ्यावं लागतं, म्हणून तीन तास आधी निघावं लागतं. हे मुंबईच्या सवयीनं निघालेल्या माणसाला कुणी सांगत नाही. जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबनच्या आसपास दरडींनी बंद पडतो. जून 2025 मध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्यापासून त्याला रेल्वेचा पर्याय मिळाला. पण रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे विमानाचं तिकीट हातात आणि गाडीचं अजून अधांतरी, अशी स्थिती महिनोन्‌महिने राहते.

दुसरा धोका चोरांचा. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावरच मिळतात, तरी दर वर्षी हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट उगवतात आणि लोक पैसे भरतात. हॉटेलचं नाव शोधल्यावर वर दिसणारा फोन नंबर हॉटेलचाच असेल असंही नाही. ‘अर्धे आत्ता यूपीआय करा’ म्हणणाऱ्याचं खातं कुणा व्यक्तीच्या नावावर असेल तर तिथेच थांबावं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच, त्याच तासात कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं.

22 एप्रिलनंतरचे दिवस

22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी 26 जणांना ठार मारलं. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. या क्रौर्याचा संबंध कुणाच्या नियोजनाशी लावणं अमानुष ठरेल. ग्रुपनं गेलेला आणि एकटा गेलेला, दोघेही त्या कुरणात सारखेच निराधार होते. पण त्यानंतरच्या दिवसांत खोऱ्यात असलेल्या हजारो पर्यटकांना बाहेर पडायचं होतं, आणि तिथे मात्र फरक पडला.

20 एप्रिलच्या पावसानं आणि दरडींनी रामबनचा महामार्ग आधीच बंद होता. कटऱ्याची रेल्वे अजून सुरू व्हायची होती. उरलं विमान. विमान कंपन्यांनी रद्द करण्याचं आणि तारीख बदलण्याचं शुल्क माफ केलं, जादा विमानं सोडली. राज्य सरकारनंही विशेष विमानाची सोय केली. ज्यांच्याबरोबर कंपनीचा माणूस होता त्यांच्या याद्या तयार होत्या आणि मुंबईत बसून कुणीतरी तिकिटं बदलत होतं. स्वतंत्र गेलेल्यांना हे सगळं फोनवरून स्वतः करावं लागलं. मात्र त्यांतल्या अनेकांना होमस्टेवाल्यांनी आणि टॅक्सीवाल्यांनी सांभाळलं, विनामोबदला ठेवून घेतलं, विमानतळावर सोडलं. सहल आखताना जोडलेली स्थानिक माणसं ही त्या दिवसांत त्यांची यंत्रणा झाली.

दुसरी फळी होती ती अजून न निघालेल्यांची. सरकारनं काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं बंद केली आणि 7 मेनंतर तर श्रीनगरचा विमानतळच काही दिवस बंद राहिला. विमानाचे पैसे परत आले. पण पॅकेजचे? इथे कागदावरचं ‘आपत्कालीन परिस्थिती’चं कलम पुढे आलं. कुणी पुढच्या वर्षीसाठी क्रेडिट नोट दिली, कुणी हॉटेलनं परत केले तेवढे दिले, कुणी फोन उचलणं सोडलं. ज्यांनी हॉटेलं स्वतः ‘विनाशुल्क रद्द’ पर्यायानं घेतली होती ते घरबसल्या सुटले. तोच पर्याय दोनशे-पाचशे रुपयांसाठी नाकारलेले अडकले. अडचणीच्या वेळी पॅकेज तिथल्या तिथे मदत करतं आणि स्वतःचं बुकिंग निघण्याआधी माघार घेऊ देतं. दोन्ही एकदम कुणी देत नाही.

कंपनीच बुडाली तर

23 सप्टेंबर 2019 रोजी ब्रिटनमधली थॉमस कुक कोसळली. (भारतातली याच नावाची कंपनी 2012 पासून निराळ्या मालकीची, तिचा या पडझडीशी संबंध नव्हता.) त्या सकाळी सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं विमानं भाड्यानं घेऊन त्यांना घरी आणलं. हे शक्य झालं कारण ब्रिटनमध्ये 1973 पासून ‘अॅटोल’ नावाची व्यवस्था आहे. विमानासह पॅकेज विकणाऱ्याला तिचा परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जातात. कंपनी बुडाली तर सुट्टीवर असलेल्याला घरी आणायचं आणि न निघालेल्याचे पैसे परत करायचे, ही हमी त्या निधीची.

त्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतरानं, मुंबईत मुख्यालय असलेल्या कॉक्स अँड किंग्जची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली. मूळ 1758 पर्यंत नेणारी कंपनी. तिच्याकडे सहलीचे पैसे भरलेले लोक कायद्याच्या भाषेत धनको झाले, बँकांच्या मागे उभे असलेले. आपल्याकडे सहल कंपनी काढायला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता लागत नाही. ती घेणं ऐच्छिक आहे. आणि ग्राहकाच्या आगाऊ पैशांसाठी सक्तीचा निधी नाही. आपण सहा महिने आधी भरलेली रक्कम त्या काळात नेमकी कुठे असते, हे विचारणारा ग्राहक मला एकाही ऑफिसात दिसला नाही. ईएमआय किती बसेल, हे मात्र सगळे विचारत होते.

तक्रार करायची तर

सहल बिघडली की लोक पहिल्यांदा फेसबुकवर लिहितात. त्यानं राग निवतो. पैसे हवे असतील तर तिथल्या तिथे लेखी नोंद करावी लागते. खोली दाखवली तशी नसेल तर फोटो काढून त्याच रात्री कंपनीला व्हॉट्सअॅप आणि ईमेल करावा. जादा दिलेल्या पैशांची पावती घ्यावी, युनियनच्या टॅक्सीचीसुद्धा. परतीच्या दिवशी बसमध्ये हातात दिला जाणारा ‘फीडबॅक फॉर्म’ भिडेखातर ‘उत्तम’ असा भरू नये. नंतर तोच पुढे केला जातो.

परत आल्यावर आधी लेखी तक्रार, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि तरी दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीच्या कागदावर ‘वाद फक्त मुंबईच्या न्यायालयात’ असं छापलं असलं तरी जळगावच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या प्रकरणात शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, हॉटेलच्या चुकीला जबाबदार नाही’ या ओळीला भिऊन लोक मागे हटतात. प्रत्यक्षात ज्यानं पैसे घेतले आणि सहल विकली, त्याला ही सबब नेहमी तारत नाही. स्वतः आखलेल्या सहलीत मात्र तक्रार विखुरते. हॉटेलची हॉटेलवर, विमानाची विमान कंपनीवर. दोघांच्या मधल्या तासाची कुणावरच नाही.

कुणी काय निवडावं

ऐंशीच्या घरातले आईवडील, पहिलाच परदेश, एकट्या निघालेल्या काकू, किंवा चारधामसारखी नोंदणी, हवामान आणि चढण तिन्ही सांभाळायला लावणारी यात्रा असेल तर मी डोळे झाकून ग्रुप टूर सुचवीन. अट एकच : बरोबर येणारा माणूस कंपनीचा असावा आणि त्याला जागेवर पैसे खर्च करायचा अधिकार असावा. हे बुकिंगपूर्वी स्पष्ट विचारावं. उत्तर देताना काउंटरवरची व्यक्ती चाचरली तर तेही उत्तरच असतं. हिंडायची सवय असलेल्यांनी, लहान मुलं घेऊन निघालेल्यांनी आणि ज्यांना सात दिवसांत सात ठिकाणं बघायची नाहीत त्यांनी आपलं आपण जावं, आणि जाताना मुक्काम कमी करावेत. प्रत्येक नवं हॉटेल हा एक नवा जोड असतो. दोन मुक्काम कमी केले की निम्मी काळजी कमी होते.

सगळ्यात जपून राहायला हवं ते या दोहोंच्या मधल्या प्रकारात. ‘कस्टमाइज्ड पॅकेज’ म्हणून आज जे विकलं जातं त्यात किंमत पॅकेजची असते आणि बरोबर माणूस कुणी नसतो. पहलगामच्या थांब्यावरचे नाशिककर तसेच आले होते. असं पॅकेज घ्यायचंच तर श्रीनगरच्या डीएमसीचं नाव, हॉटेलांची नावं आणि ‘समाविष्ट नाही’ची यादी पैसे भरण्याआधी मागून घ्यावी, हॉटेलला स्वतः फोन करून बुकिंग आणि पेमेंट पोचलं का ते निघण्याच्या आठवडाभर आधी विचारावं, आणि रक्कम टप्प्याटप्प्यानं, कंपनीच्याच खात्यात भरावी.

पण सगळी सावधगिरी ग्राहकानंच बाळगायची, हे काही भरवशाचं लक्षण नाही. सहलींची एवढी मोठी आणि जुनी बाजारपेठ असलेल्या महाराष्ट्रानं आगाऊ रकमा स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती आणि बुडालेल्या कंपनीच्या ग्राहकांसाठी निधी, या दोन गोष्टी मागायला हव्यात. प्रामाणिक कंपन्यांचं यात नुकसान नाही, उलट त्यांच्या नावाची नक्कल करणाऱ्या फ्लेक्सवाल्यांपासून सुटका आहे. परदेशी पॅकेजच्या बिलावर टीसीएस नावानं कर आगाऊ कापायची यंत्रणा सरकारनं उभी केली. त्याच बिलावर प्रवाशाच्या हमीची एक छोटी ओळ घालणं त्या यंत्रणेला जड जाऊ नये. ती येईपर्यंत, पुढच्या जानेवारीत पानभर जाहिराती सुरू झाल्या की दराच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारायचा : रात्री अकराला काही अडलं तर फोन कोण उचलेल, आणि तो माणूस कुठे असेल?